एका खात्यात एकच माणूस

९ सप्टेंबर

शाळेतल्या आमच्या नन, सिस्टर ऑडिल, म्हणायच्या, राग आला की आधी कागदावर काढ, मग माणसावर. ज्या माणसावर काढायचा तो मला सापडत नाही, म्हणून ही वही.

त्याचं नाव 'रातबगळा'. खरं नाव कुणालाच ठाऊक नाही. माझा नवरा लाय बोशुन ज्या ऑनलाइन विश्वकोशात फुकट राबतो, तिथे प्रत्येकाने असंच काहीतरी नाव घेतलेलं असतं. बोशुन तिथे 'तिसरा पाट' आहे. पाटबंधारे कचेरीत असताना ज्या कालव्याची दारं जन्मभर उघडली आणि पाडली, त्याचं नाव. हा विश्वकोश कुणीही लिहावा आणि कुणीही खोडावा असा आहे. मला तो बाजारातल्या भिंतीसारखा वाटतो. पण निवृत्त झाल्यापासून बोशुनने त्या भिंतीवर आमच्या ज्यायी जिल्ह्यातले सगळे लहान पूल, मोऱ्या आणि पाण्याची दारं लिहून काढली आहेत. कधी बांधला, कुणी बांधला, कोणत्या वर्तमानपत्रात छापून आलं. ज्या पुलावरून चार बदकं आणि एखादं भूत यापलीकडे कुणी जात नाही, त्याचंही पान आहे.

आज सकाळी त्याने शीशिन पुलाच्या पानावर दुरुस्ती केली. चहाचं पाणी उकळायच्या आत बगळ्याने ती खोडली.

"कोण आहे हा उद्धट पोरगा?" मी विचारलं.

"माणूस चांगला आहे," बोशुन म्हणाला. "नीट वाचतो."

"वाचतो? तुझं खोडतो!"

"खोडायचं तर आधी वाचावंच लागतं, बाई."

मला चिडवायचं असलं की तो 'बाई' म्हणतो. मी मुलींना इंग्रजी शिकवण्यात आयुष्य घालवलं. लाल शाई कुणाच्या हातात असावी याबद्दल माझी मतं पक्की आहेत, आणि ती बगळ्याच्या चोचीत नसावी हे नक्की.

दुपारी तो पपनसांची आणखी एक पिशवी घेऊन आला. पहिल्या दोन अजून स्वयंपाकघरात पडून आहेत. स्वस्त मिळाली म्हणाला.

१७ सप्टेंबर

आज च्यान ल्यांगयू आली होती. शाळेच्या भटारखान्यात मुलांनी काय खावं ते ती ठरवते, आणि उरलेल्या वेळात विश्वकोशात 'कारलं' या नावाने लिहिते. बोशुनला गुरू मानते. अननसाच्या वड्या आणल्या होत्या, त्यातली एक मी खाल्ली, बाकी बोशुनने.

"सू बाई, नोव्हेंबरात आपल्या भागातले सगळे लेखक वाचनालयात जमणार आहेत. त्या दिवशी आम्ही सरांचा सत्कार करायचं ठरवलंय."

"इतकी वर्षं फुकट राबवलंत आणि आता फुलं देणार? पगार नाही, पुस्तकावर नाव नाही. गाढवालासुद्धा संध्याकाळी चारा मिळतो, ल्यांगयू."

"सरांनाही मिळतो. आम्ही त्यांच्याशी भांडतो ना!"

बोशुन खो खो हसला. वडीचे कण माझ्या टेबलक्लॉथवर.

त्याने संदर्भ या विषयावर थोडं बोलावं अशी त्यांची इच्छा आहे. संदर्भ म्हणजे त्यांचा धर्मच. छापून आलेलं नसेल तर लिहायचं नाही. मी विचारलं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंही चालत नाही? बोशुन म्हणाला, "नाही. तुझे डोळे वाचणाऱ्याकडे नसतात." नन लोकांनी मला न पाहिलेल्या गोष्टींवर विश्वास ठेवायला शिकवलं. यांचं उलटंच. पाहिलेल्यावरही ठेवायचा नाही.

निघताना ल्यांगयू एका पायात बूट घालून बराच वेळ दारात उभी राहिली. "सर बरे आहेत ना?"

"बरे म्हणजे? माझ्या दुप्पट जेवतो."

"नाही, सहज विचारलं."

बारीक दिसला असेल तिला. या वयात माणूस कधी बारीक दिसतो, कधी जाड.

२९ सप्टेंबर

चंद्राचा सण. सगळी गल्ली दारात शेगड्या मांडून मांस भाजत होती. धुराने चंद्रही खोकला असेल. दोघांच्या घरात बोशुनने चार खुर्च्या मांडल्या. "येनहुआ बायकोला घेऊन येईल ना?" म्हणाला. येनहुआ, माझा भाऊ, गेल्या हिवाळ्यात गेला. शवपेटीला खांदा द्यायला बोशुनच पुढे होता. मला वाटतं त्याला येनहुआचा मुलगा म्हणायचं होतं. गोंगाट फार होता.

बगळ्याने शीशिन पूल पुन्हा खोडला. मग मात्र मी बोशुनला बाजूला सरकवलं आणि त्याच्या खात्यातून स्वतः लिहिलं : 'आपण कोण, आपलं शिक्षण किती, आणि वडीलधाऱ्यांशी कसं वागावं हे आपल्या घरी कुणी शिकवलं नाही का?'

उत्तर लगेच आलं. 'लाय सर, शीशिन पूल पुरात पडला, आणि त्याच्या वरच्या अंगाला नवा बांधला. हे तुम्हीच लिहिलं होतं, वर्तमानपत्राच्या संदर्भासह. तुमचंच बरोबर आहे. मी फक्त तुमचं वाक्य परत जागेवर ठेवलं.'

काय कावा आहे! बोशुनचंच वाक्य उचलायचं आणि बोशुनच्याच डोक्यात घालायचं.

"पूल आहे ना?" मी बोशुनला विचारलं.

"आहे म्हणजे? मंगळवारी त्याच्यावरूनच आलो."

झालं तर मग. फोटो काढून बगळ्याच्या तोंडावर मारते.

३ ऑक्टोबर

टॅक्सी करून शीशिनला गेलो. बोशुनने कचेरीची जुनी टोपी घातली. घालू दिली, ऊन होतंच. वाटेत त्याने ड्रायव्हरला प्रत्येक मोरीचं नाव सांगितलं. एकही चुकलं नाही. ड्रायव्हर म्हणाला, "आजोबा, तुम्ही तर नकाशा गिळलाय!" मला बरं वाटलं.

नदीवर एक रुंद, पांढरा, सिमेंटचा पूल आहे. टॅक्सी तिथे थांबली. बोशुनने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. खालच्या अंगाला गवतातून भराभरा चालत गेला, मी हाका मारतेय. काठावर जाऊन थांबला. पाण्यात दोन मोडके खांब उभे होते, त्यांवर बगळे बसलेले. खरेखुरे.

"कुणी नेला?" बोशुन म्हणाला.

मी म्हटलं, "काय नेलं?"

"पूल. कालपर्यंत होता इथे."

तिथे एक बदकं पाळणारा म्हातारा होता. त्याने बोशुनला ओळखलं आणि बदकांमधूनच ओरडला, "लाय साहेब! किती वर्षांनी! वहिनी, तुम्हाला माहीत आहे का, पुराच्या दिवशी हा माणूस इथे रस्त्यावर आडवा उभा होता. माझा भाऊ ट्रक घेऊन आला, शिव्या घालायला लागला, हे हलेनात. भावाने हॉर्न दाबला, यांनी बॉनेटवर छत्री मारली. तेवढ्यात मागे धाडकन् पूल गेला. भाऊ दर नववर्षाला यांच्या नावाने एक बदक कापतो."

"मला कधी मिळालं नाही," बोशुन म्हणाला.

"तुमच्या नावाने कापतो, खातो तोच!"

दोघंही हसले. मग बोशुनने पुन्हा पाण्याकडे पाहिलं, आणि अगदी साध्या आवाजात त्या माणसाला विचारलं, "बरं, पण पूल कुठे हलवलाय?"

बदकवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी फोटो काढला नाही.

उन्हाचा त्रास झाला असावा. रस्ता बदलला की कुणीही गोंधळतं. येताना मी टॅक्सीत दोनदा म्हटलं, बाई गं, काय ऊन हे. ड्रायव्हर हो हो म्हणाला. आभाळ भरलेलं होतं.

४ ऑक्टोबर

भात करपला. लिहिण्यासारखं काही नाही.

१२ ऑक्टोबर

इस्पितळ. डॉक्टर म्हणजे एक पोरसवदा बाई. "आजोबा, घड्याळ काढून दाखवा बरं." त्याने गोल छान काढला. मग सगळे आकडे एका बाजूला दाटीने लिहिले. स्वतःच पाहून म्हणाला, "पाणी एकीकडे चढलंय, दार उघडायला हवं." मी हसले. डॉक्टर हसली नाही.

गोळ्या दिल्या आहेत. त्याने रोजचं वाचन, लिहिणं सोडू नये असं तिने बजावलं. जे आवडतं ते सोडलं की उतार वेगाने येतो म्हणाली. म्हणजे मी ज्याला जन्मभर नावं ठेवली तेच आता औषध.

देवाशी भांडायचं तर संदर्भ कुठला द्यायचा?

२० ऑक्टोबर

बोशुन दुपारी झोपतो तेव्हा मी त्याच्या खात्यातून त्याच्या चुका दुरुस्त करायच्या असं ठरवलं होतं. कुणाला कळू नये, सत्कार तरी नीट पार पडावा. त्याच्या कपाटातली कात्रणं काढून बसले. या विश्वकोशात प्रत्येक पानामागे त्याचा सगळा इतिहास ठेवलेला असतो, कुणी कधी काय बदललं ते नावानिशी. पुसलेलंही पुसलं जात नाही. चर्चमधल्या कबुलीजबाबाच्या खोलीत इतकं लिहून ठेवलं असतं तर आमची अर्धी शाळा नरकात गेली असती.

दुरुस्त करायला काही उरलंच नव्हतं.

प्रत्येक चुकीवरून कुणीतरी आधीच हात फिरवला होता. बोशुनने पडलेले पूल उभे केलेले, एका कालव्याचं पाणी दुसऱ्यात सोडलेलं, एका मोरीचं पान रिकामं करून त्यावर 'सोमवारी पाणी सुटेल' एवढंच लिहिलेलं. आणि दर ठिकाणी, काही क्षणांत, रातबगळा. बदलाचं कारण लिहायची जागा असते, तिथे त्याने दर वेळी एकच शब्द टाकलाय : 'अक्षरचूक'. कुणी वरवर चाळलं तर वाटावं, म्हाताऱ्याचं एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं असेल. वर्षाहून जास्त काळ हे चाललंय. वर्षाहून जास्त! मी एका घरात राहून, एका ताटात वाढून पाहिलं नाही ते या माणसाने कुठूनतरी पाहिलं.

मला आनंद व्हायला हवा होता. मला संताप आला. कुणी मागितली होती ही भीक? आणि 'अक्षरचूक' हे खोटं आहे. सरळ खोटं. मी खोटेपणा कधी कुणाचा पोसला नाही.

म्हणून तिथल्या तिथे, चर्चेच्या पानावर, सगळ्यांना दिसेल असं लिहिलं : 'मी लाय बोशुन यांची पत्नी. त्यांची प्रकृती ठीक नसते. यापुढे त्यांच्या खात्यातून त्यांच्या चुका मी स्वतः दुरुस्त करीन. रातबगळा यांनी आता खोटं लिहिण्याचे कष्ट घेऊ नयेत. आभारी आहे. सू अग्नेस येनचिउ.'

लिहिल्यावर बऱ्याच दिवसांनी छाती हलकी वाटली.

२२ ऑक्टोबर

खात्याला कुलूप लागलं.

'खारा वारा' नावाचा कुणी व्यवस्थापक आहे, दूर कुठेतरी. त्याने लिहिलंय : एका खात्यात एकच माणूस हा नियम आहे, हे खातं दोघं वापरत असल्याचं खुद्द पत्नीने मान्य केलेलं आहे, सबब खातं बंद. तळाला 'खेद वाटतो.'

मी कचऱ्याच्या गाडीचं गाणं ऐकून पिशव्या घेऊन खाली उभी होते, तेवढ्यात ल्यांगयूचा फोन.

"सू बाई, काय केलंत हे!"

"खरं सांगितलं."

"सांगायचं होतं तर मला सांगायचं! तिथे कशाला? तिथे लिहिलेलं वाऱ्यावर जात नाही हो."

"म्हणजे मी गुपचूप लबाडी केली असती तर चाललं असतं? आणि उघडपणे सही केली तर कुलूप?"

ती म्हणाली, "हो. तसंच आहे."

"मग तुमच्या नियमांना आग लावा!"

"सरांनीच लिहायला मदत केली होती, बाई. तो नियम."

गाडी पुढे निघून गेली. पिशव्या हातातच.

२६ ऑक्टोबर

दाद मागायची सोय आहे. पण अर्ज त्याने, स्वतःच, स्वतःच्या शब्दांत लिहायचा. मी एक अक्षर घातलं तर तोच गुन्हा पुन्हा. रातबगळा आणि ल्यांगयू दोघांनी तिथे रदबदली केली. खाऱ्या वाऱ्याने सभ्यपणे उत्तर दिलं : त्यांच्याकडून दोन ओळी येऊ देत.

मी बोशुनपुढे कागद ठेवला. "लिही. हे खातं माझं आहे आणि मीच वापरतो, एवढंच."

तो सकाळभर बसला. मी हात मागे बांधून खिडकीत उभी. आयुष्यभर परीक्षेत मुलींवर पहारा दिला, पण उत्तर सांगायला जीभ अशी कधी वळवळली नव्हती. शेवटी त्याने कागद दिला. सुरेख अक्षर. 'तिसऱ्या पाटाच्या शेतकऱ्यांना कळवण्यात येते की सोमवारी पाणी सुटेल. आपापल्या शेतचाऱ्या साफ ठेवाव्यात. लाय.'

"बरोबर आहे?" त्याने विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

तसाच पाठवला. दुसरं काय पाठवणार?

३० ऑक्टोबर

उत्तर आलं. कुलूप राहील. अर्ज वाचून खाऱ्या वाऱ्याने एकच ओळ जास्त लिहिली आहे : 'लाय सरांच्या पानांवरूनच मी हे काम शिकलो.' म्हणजे हाही बोशुनचाच. त्याच्या जागी मी असते तर हेच केलं असतं, आणि ते मला सर्वांत जास्त टोचतं. शत्रू तरी धड मिळावा माणसाला.

४ नोव्हेंबर

रोज सकाळी तो यंत्रापुढे बसतो, लिहितो, बटण दाबतो, 'परवानगी नाही' येतं. "यंत्र बिघडलंय," म्हणतो. मी हो म्हणते. मग त्याला करायला काही नसतं. काल टोपी घालून निघाला आणि पाटाचं दार उघडायला गेला. पोलिसांनी आणून सोडला. दार त्याच्याच्याने हललं नाही, गंज चढलाय म्हणे. सकाळपासून तो त्या गंजाची तक्रार करतोय, त्याला वाटतं काल नाही, आजच झालं. डॉक्टर म्हणाली होती, उतार वेगाने येतो. तो उतार मी दाखवला त्याला, माझ्या सहीने.

११ नोव्हेंबर

सत्कार झाला.

वाचनालयाचं वरचं दालन. सगळ्यांच्या छातीवर विश्वकोशातली नावं : कारलं, झोपलेला रेडा, उकडलेलं अंडं. शिकलेली, नोकरदार माणसं, आणि एकमेकांना गंभीरपणे 'अंडं, चहा घेतला का?' विचारतात. मी बगळा शोधत होते. वाटलं होतं, केस रंगवलेला, डोळे वर न करणारा पोरगा असेल. एक पन्नाशीचा माणूस बोशुनसाठी पाठ असलेली खुर्ची आणत होता. छातीवर 'रातबगळा'. खरं नाव शू दाओरन. शेजारच्या जिल्ह्यात औषधाचं दुकान आहे त्याचं.

"तूच तो?"

"हो, बाई."

"खोटं लिहायला लाज नाही वाटली?"

"वाटली. सरांना कळलं असतं तर त्यांनी मला हाकललं असतं." मग म्हणाला, "मी पहिलं पान लिहिलं होतं ना, ते सरांनी अख्खंच्या अख्खं उडवलं. मी रागाने सोडून चाललो होतो. तर त्यांनी पाठोपाठ लांबलचक पत्र लिहिलं. काय चुकलं, कुठे शोधायचं, वर्तमानपत्रं कोण जपून ठेवतं. शेवटी लिहिलं, चिडून गेलात तर तुमच्या गावच्या देवळाचं पान लिहायला मला यावं लागेल, आणि माझे गुडघे दुखतात."

"गुडघे खरंच दुखतात त्याचे."

"माहीत आहे. गुडघ्याची गोळी माझ्याच दुकानातून जाते."

मी त्याच्यासाठी बऱ्याच शिव्या तयार करून नेल्या होत्या. तशाच परत आणल्या.

कुलुपाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. त्यांनी कापडाचा एक मानाचा तारा शिवला होता, तो बोशुनच्या कोटाला लावला. मग तो बोलायला उभा राहिला. आवाज खणखणीत. "पूल बांधणारे मरतात. पूलही पडतात. पडला तर पडला असं लिहा. कधी पडला ते लिहा. कुठे छापून आलं ते लिहा. आणि मग खाली बसा."

टाळ्या. सगळे हसले. तो खाली बसला नाही. जरा थांबला, सगळ्यांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "पूल बांधणारे मरतात. पूलही पडतात." शब्द न् शब्द तोच, 'खाली बसा'पर्यंत. पुन्हा टाळ्या. तितक्याच. मग पुन्हा एकदा. शेवटच्या रांगेतल्या रेड्यापासून सगळे तसेच हसले, तशाच टाळ्या वाजवल्या, एकानेही मोबाइलमध्ये डोकं घातलं नाही. मी रागावायला कारण शोधत होते. मिळालं नाही. शेवटी दाओरनने उठून त्याला हाताने धरून बसवलं, जणू मान देतोय असं.

टॅक्सीत बोशुन म्हणाला, "कार्यक्रम छान झाला. कुणाचा होता?"

"तुझ्यासारख्याच एका मूर्खाचा."

"मग बरा माणूस असणार."

१९ नोव्हेंबर

रविवार. चर्चमधली मिस्सा आटोपून आले तर दाओरन दारात, घाम पुसत. त्याने सगळा विश्वकोश, म्हणजे बोशुनने लिहिलेला भाग, उतरवून आमच्या यंत्रात घातलाय. दिसायला हुबेहूब तोच. बाहेरच्या जगाशी संबंध नाही. लिही, बटण दाब, साठतं. 'परवानगी नाही' येत नाही.

"खोटा विश्वकोश," मी म्हटलं.

"हो, बाई."

त्याला माशाच्या डोक्याचं कालवण वाढलं. दोनदा घेतलं त्याने.

२५ नोव्हेंबर

बोशुन आठवडाभर सुखात लिहीत होता. टोपी खुंटीला. आज मात्र जेवताना ताट बाजूला सारलं.

"काय झालं?"

"माझं कुणी काही खोडत नाहीये."

"मग चांगलंच आहे की."

"चांगलं कसं? सहा दिवसांत एकाने बोट लावलं नाही. कुणी वाचतच नाही, अग्नेस. सगळे मेले की काय?"

काही केल्या जेवेना. मी दाओरनला फोन केला. तो म्हणाला, दुकान सांभाळून रोज येणं जमणार नाही, पण तुम्हाला वेगळं खातं काढून देता येईल. वेगळ्या खोलीतल्या यंत्रावर. "नाव काय घालू?"

"अग्नेस. आणि त्या खात्यात मी एकटीच असेन, हे तुमच्या खाऱ्या वाऱ्याला कळवा."

२ डिसेंबर

कात्रणं घेऊन बसते. तो पलीकडच्या खोलीत लिहितो, मी इकडे खोडते. कारण लिहायच्या जागी खरं कारण लिहिते, वर्तमानपत्राचं नाव, तारीख. 'अक्षरचूक' लिहीत नाही. पहिल्यांदा बटण दाबलं. मग आतून आवाज आला, "कोण हा गाढव?" आणि खुर्ची पुढे ओढल्याचा. दुपारी त्याने दोन वाट्या भात खाल्ला.

ल्यांगयू म्हणाली तो चारा हाच असावा.

१० डिसेंबर

मला अग्नेस म्हणून हाक मारतो, पण पडद्यावरची 'अग्नेस' ही कोण याची त्याला कल्पना नाही. "बाई दिसते. हट्टी आहे, पण अभ्यास आहे," असं मला काल सांगत होता. मी म्हटलं, "लग्न झालं असेल का तिचं?" म्हणाला, "कोण करणार?"

१७ डिसेंबर

आज त्याने नवीन पान सुरू केलं. पुलाचं नाही. माझं.

मी जसंच्या तसं उतरवते. 'सू येनचिउ. शिक्षिका, ज्यायी. मुलींना इंग्रजी शिकवलं. आवाज मोठा. चूक खपवून घेत नाही. माशाच्या डोक्याचं कालवण उत्तम. पती पाटबंधारे कचेरीत होता असं सांगतात. संदर्भ हवा. तो सध्या कुठे आहे याची माहिती मिळत नाही.'

स्वतःच्या घरच्यांबद्दल लिहायचं नाही असा त्यांचा नियम आहे. तो त्याने कधी मोडला नव्हता. आजही मोडलेला नाही, हे मला दुसऱ्यांदा वाचताना समजलं.

मी शेवटची दोन वाक्यं खोडली आणि लिहिलं : 'पती लाय बोशुन. सध्या पलीकडच्या खोलीत आहे.'

पलीकडे टकटक झाली. माझं वाक्य गेलं. कारण : 'संदर्भ नाही.'

मी पुन्हा घातलं. कारणाच्या जागी लिहिलं : 'मी रोज पाहते.'

मी दारातून डोकावले. तो पडद्याजवळ वाकून, एका एका अक्षराने, काहीतरी लिहीत होता, आणि चेहऱ्यावर ते जुनं, नव्या माणसाशी बोलतानाचं अदबशीर हसू. माझ्याकडे बघून मान हलवली आणि पुन्हा लिहायला लागला. मी परत येऊन बसले. वाक्य खोडलेलं होतं. खाली माझ्या नावाने निरोप होता :

'नमस्कार. आपण इथे नवीन दिसता, स्वागत आहे. आपण रोज पाहता यावर माझा अविश्वास नाही, पण ते वाचणाऱ्याला कसं दिसणार? कुठे छापून आलेलं असेल तर जोडा, मी स्वतः परत ठेवीन. कृपा करून चिडून जाऊ नका.'

मी उत्तर लिहिलं : 'आभार. शोधते.'